डबा परत पाहिजे

"डबा परत पायजे, आधीच सांगते."

आमच्या पॅथॉलॉजी विभागाच्या खिडकीवर दोन्ही कोपरं रोवून त्या बाई पहिलं वाक्य बोलल्या ते हे. नमस्कार नाही, डॉक्टर कुठायत नाही, काही नाही. डोक्यावरून पदर, नऊवारी, मोकळं कपाळ, आणि पुढ्यात धोतराच्या फडक्यात बांधलेला भला थोरला स्टीलचा डबा. फडक्याची गाठ एवढी घट्ट, की तो डबा कुणी पळवील म्हणून बांधलाय की पळून जाईल म्हणून, ते कळत नव्हतं.

"कसला डबा?" मी विचारलं.

"सुनंचं हाय त्यात."

"सुनेचं काय?"

"आवं, गाठ! पोटातली. काल काढली. गाठ तिची, डबा आमचा. गाठ ठिवा काय करायची ती. डबा परत पायजे."

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. मी सरकारी मेडिकल कॉलेजात एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यांत ऑपरेशन झालं की सर्जन काढलेली गाठ ट्रेमध्ये घेऊन बाहेर यायचे, नातेवाइकांना दाखवायचे, फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचे आणि त्यांच्याच हाती देऊन म्हणायचे, जा, जिल्ह्याला तपासायला देऊन या. मग कुणी दीर, कुणी भाचा, ती बरणी मांडीवर धरून एसटीनं आमच्याकडे यायचा. कॉफीच्या बाटल्या, तुपाच्या बरण्या, लहान मुलाची वॉटरबॅग, सगळं पाहिलं होतं मी. दहा किलोचा पिठाचा डबा मात्र पहिल्यांदाच पाहत होते.

त्यात मला गाठींची भूक लागलेली. हो, भूकच म्हणायची. माझ्या थीसिसचा विषय होता, 'स्त्रियांच्या अंडाशयातील गाठींचे प्रकार आणि प्रमाण'. घरी आई शेजारणींना सांगायची, "विनया बायकांच्या कसल्याशा दुखण्यावर लिहितेय, तुम्ही फार विचारू नका." अडचण अशी होती, की माझ्याकडे येणारी प्रत्येक गाठ अगदी सरळमार्गी निघायची. पुस्तकात सर्वांत जास्त आढळते म्हणून लिहिलेली, तीच ती. आमचे विभागप्रमुख आणि माझे गाइड डॉ. हुपरीकर सर एकदा सगळा तक्ता बघून म्हणाले होते, "तगारे, हा थीसिस आहे की वरणभात? पानाच्या डाव्या बाजूला काहीतरी वाढा की!"

तर अशा अवस्थेत तो डबा आला.

आमचे लोखंडेमामा, म्हणजे विभागातले अटेंडंट, झाकण ओढून ओढून लाल झाले. झाकण हलेना. बाई खिडकीतून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"ओढू नगा. वरनं थाप मारा. मधी न्हवं, कडंला! कधी डबा उघडला न्हाई व्हय घरात?"

मामांनी कडेला थाप मारली, झाकण टप्पकन उडालं. आत बघितलं आणि मी चाट पडले. फॉर्मॅलिनमध्ये लाल भोपळ्याएवढी गाठ, तुकतुकीत, निळसर, डबा भरून बसलेली.

"बाप रे!" माझ्या तोंडून निघालं.

"मग? एवढी बरणीच न्हवती तिथं. डाक्टर म्हनला, आजी, घरात झाकणाचं मोठं भांडं असंल तर पळत जाऊन आणा. घर दवाखान्याच्या मागच्या आळीलाच. ह्यो आणला." बाई जरा थांबल्या. "एसटीत समदी इचारत्यात, मावशी, बासुंदी का? म्हटलं व्हय, बासुंदी. एक बाबा तर कवठे म्हाकाळपातुर डब्याकडं बघून आवंढं गिळत हुता."

बाईंचं नाव तानूबाई पाटोळे. सुनेचं नाव वैजयंता. मुलगा भगवान सुनेच्या उशाशी बसलेला, आणि डॉक्टरांनी दिलेला कागद त्याच्या खिशात राहिलेला.

"कागद उद्या आणा," मी म्हटलं. "मामा, तोवर याला नंबर घालून ठेवा." आणि मी हातमोजे शोधायला आत वळले.

"डाक्टरीणबाई," तानूबाईंनी हाक मारली. "आता ह्येचं काय करणार?"

"कापून बघणार. कुठल्या प्रकारची आहे ते."

"परकार असत्यात?"

कुणीतरी माझ्या थीसिसबद्दल आपणहून विचारत होतं. दोन वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. मी खिडकीशी परत आले. म्हटलं, "असतात तर! काही गाठी अंडाशयाच्या वरच्या सालीपासून होतात. काही आतल्या बीजापासून. काही मधल्या भरावापासून. आणि काही दुसरीकडून येऊन मुक्काम ठोकतात."

"आन वाईट कुठली त्यातली?"

"तसं नसतं, आजी. दुसरीकडून आलेल्या सोडल्या, तर बाकी प्रत्येकात साधी पण असते आणि वाईट पण असते."

"तुमच्याकडं जास्ती कुठल्या येत्यात?"

"सालीच्या. त्यातही साध्याच जास्त. सगळ्या मिळून शंभर गाठी आल्या, तर सत्तर-पंचाहत्तर साध्या निघतात."

तानूबाईंनी मान हलवली. लुगड्याच्या दुकानात दहा लुगडी उलगडून झाल्यावर बायका हलवतात तशी.

"मग त्यातलीच एक द्या आमच्या वैजूला."

"द्या म्हणजे?"

"लिवून द्या. समद्यास्नी देतायसा तीच. आमाला काय येगळी नगो. आमी साधी माणसं."

"आजी, मी देत नसते हो! जी असते ती सांगते फक्त."

"असं समदंच म्हनत्यात," तानूबाई म्हणाल्या. "बाजारात बी." आणि जाता जाता दारातून पुन्हा, "डबा परत पायजे!"

लोखंडेमामा फिस्सकन हसले. मला हसू आलं नाही. म्हटलं, काय बाई आहे! सून तिकडे टाके घालून पडलीय आणि हिचा जीव डब्यात अडकलाय.

संध्याकाळी मी गाठ कापली. आत बहुतेक पाणीच, स्वच्छ, पिवळसर. पातळ भिंत. म्हणजे पुन्हा वरणभातच. पण भिंतीवरून बोट फिरवत गेले तर एका कोपऱ्यात काहीतरी लागलं. घट्ट, पांढरं, फ्लॉवरच्या लहानशा गड्ड्यासारखं. माझं काळीज एकदम उडालं. खरं सांगते, आधी आनंदानंच उडालं. पानाची डावी बाजू भरणार! मग त्या कोपऱ्याचे दोन तुकडे काढताना मला "आमी साधी माणसं" आठवलं आणि तो आनंद कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी तानूबाई हजर. भगवानकडचा कागद आणला होता, तो मामांनी घेऊन फायलीत लावला. पण कागद हे निमित्त.

"डबा?"

"आजी, गाठ अजून डब्यातच आहे. तपासणी पूर्ण होईपर्यंत ती ठेवावी लागते."

"दुसऱ्या कशात काढा की."

"एवढं मोठं भांडं नाही आमच्याकडे."

"सरकारचं कालेज आन भांडं न्हाई? मग काय हाय तुमच्याकडं?"

मला राग आला. म्हटलं, "सून कशी आहे ते तरी सांगा. आल्यापासून डबा, डबा चाललंय तुमचं!"

"सून बरी हाय. वारा सरला, च्या प्याली. डबा कवा देतायसा?"

मी खिडकी लावून घेतली. अगदी धाडकन नाही, पण कळेल इतपत.

त्यानंतर त्या आल्या त्या हातात एक बादली घेऊन. रंगाची, प्लॅस्टिकची, झाकणाची. घासून लख्ख केलेली. "भगवाननं घराला रंग दिला हुता तवाची. ह्यात काढा गाठ आन माझा डबा मोकळा करा."

त्या दिवशी पहिल्या तुकड्यांच्या स्लाइड्स आल्या होत्या. मी सकाळपासून त्यांच्यावर डोळे फोडत होते. वाईट म्हणावं असं काही दिसत नव्हतं, पण त्या घट्ट कोपऱ्याचा सगळाच भाग पाहिल्याशिवाय छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. सरांनीही तेच सांगितलं होतं. "सगळा कोपरा घ्या. घाई नको."

"आजी," मी म्हटलं, "अजून तुकडे घ्यायचे आहेत. चार दिवस लागतील."

"का वं?"

"एका कोपऱ्यात जरा घट्ट भाग आहे. तो नीट बघायला पाहिजे."

हातातली बादली तानूबाईंनी खाली ठेवली, मग स्वतःही भिंतीला टेकून फरशीवरच बसल्या.

"घट्ट म्हंजी वाईट?"

"तसं नाही. साध्या गाठीतही असा भाग असतो कधी कधी. बघून सांगते म्हटलं ना."

"तुमी शंभरात पंचाहत्तर म्हनला हुता."

"हो, म्हटलं होतं."

"मग उरल्याली पंचवीस कुणाला देताय?"

मी मामांना चहा सांगितला. तानूबाईंनी चहा घेतला नाही. पदरानं तोंड पुसलं, उठल्या. "वैजूला ह्यातलं कळू द्याचं न्हाई. पोरं ल्हान हायती तिची." दारापर्यंत गेल्या, वळल्या. "डबा..." म्हणाल्या, आणि मग, "ऱ्हाऊ द्या."

त्यांचं ते "ऱ्हाऊ द्या" मला दिवसभर टोचत राहिलं.

कोपऱ्याचे सगळे तुकडे घेऊन झाल्यावर मी उरलेली गाठ बादलीत काढली आणि डबा स्वतःच धुवायला घेतला. मामा म्हणाले, "मॅडम, मी करतो." म्हटलं, राहू दे. निदान डबा तरी हातात देऊ बाईंच्या. आत साबण, बाहेर साबण, मग उपडा घातला, तर बुडाला बारीक अक्षरं दिसली. रुखवताच्या भांड्यांवर मशीननं नाव घालतात तशी.

'चि. सौ. कां. वैजयंता हिस मामाकडून.'

म्हणजे डबा सुनेच्या माहेरचा! मग सरळ केला, तर पोटावर बोटभर उंचीच्या अक्षरांत, बुडावरच्या कोरीवकामाला लाजवील अशा थाटात लिहिलेलं:

'कै. धोंडीराम गणू पाटोळे यांच्या स्मरणार्थ.'

डबा आधी फडक्यात होता आणि नंतर नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवलेला, त्यामुळे हे मी पाहिलंच नव्हतं. आता मात्र लख्ख प्रकाश पडला. सासूबाईंनी सुनेचा रुखवताचा डबा लाटला, वर नवऱ्याचं नाव कोरलं आणि तो आपला करून टाकला. आणि गाठ घालायची वेळ आली तेव्हा बरा सुनेचाच डबा सापडला! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवलं, डबा देताना हिला चार शब्द सुनावायचेच.

चार दिवसांनी उरलेल्या स्लाइड्स आल्या. एकेक बघत गेले. पहिली साधी. दुसरी साधी. तिसरीही साधी. शेवटची काढून ठेवली आणि मी खुर्चीतच मागे रेलले. त्या घट्ट कोपऱ्यात निव्वळ तंतू होते, जुने, शहाणे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सरांनीही सगळ्या पाहिल्या. "साधी," ते म्हणाले. "तगारे, अभिनंदन. अजून एक वाटी वरण."

"चालेल, सर," मी म्हटलं. आणि मला खरंच चाललं.

दुपारी सर रिपोर्टांवर सह्या करत होते. मी समोर उभी. एका कागदाशी त्यांचं पेन थांबलं.

"तगारे, हे धोंडीराम गणू पाटोळे कोण?"

"कोण, सर?"

"कै. धोंडीराम गणू पाटोळे. वय लिहिलेलं नाही, ते एक समजू शकतो. नमुना, अंडाशयाची गाठ." सरांनी चष्मा काढला. "एक तर हे गृहस्थ आहेत. दुसरं म्हणजे ते कैलासवासी आहेत. आणि तरी त्यांची गाठ गेल्या आठवड्यात काढलीय. तुम्हाला दुर्मीळ केस पाहिजे होती ना? ही घ्या. जगात दुसरी सापडायची नाही."

मी कपाळावर हात मारला. आम्ही आत काम करणारे नावं बघतच नाही, नंबर बघतो. "मामा!" मी ओरडले.

लोखंडेमामा आले. शांतपणे म्हणाले, "कागद नव्हता ना मॅडम त्या दिवशी. मग बरणीवरचं नाव लिहिलं. आपला नियमच आहे, बरणीवर पेशंटचं नाव पाहिजे."

"अहो, ते कोरलेलं होतं!"

"तेच तर. एवढं पक्कं नाव कुणाच्याच बरणीवर नसतं."

"आणि 'कै.' लिहिलं होतं, त्याचं काय?"

"मला वाटलं, ऑपरेशनमध्ये गेले बिचारे," मामा म्हणाले. "वाईट वाटलं मला."

सर टेबलावर डोकं टेकून हसत होते. मी विचारलं, "मग वैजयंता पाटोळेचा कागद दुसऱ्या दिवशी आला, त्याचं काय केलंत?"

"तो फायलीत आहे की. नमुना आला नाही अजून त्यांचा. आत्ताच त्यांच्या सासूबाईंना तेच सांगून आलो."

"काय सांगून आलात?"

उत्तराची गरजच पडली नाही. खिडकीकडून असा आवाज आला, की सरांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"आलाच न्हाई म्हंजी? ह्या हातानं दिलाय! ह्या मांडीवर घिऊन आले एसटीनं! कुठं टाकलीसा माझ्या सुनंची गाठ? सांगा! कुठं हाय ती?"

मी रिपोर्ट सरांच्या हातातून ओढला आणि धावले. तानूबाईंनी खिडकीचे गज धरले होते. चेहरा पांढराफटक.

"आजी! आजी, आहे. सापडली. हरवलीच नव्हती. आणि ऐका, साधी आहे!"

"आं?"

"साधी. शंभरातल्या पंचाहत्तरांतली. वाईट काही नाही. सुनेला तुमच्या काही होत नाही."

तानूबाईंनी गज सोडले. बघत राहिल्या माझ्याकडे. मग पदर तोंडावर घेतला आणि त्यातूनच म्हणाल्या, "दिलीसा म्हंजी!"

"अहो, मी दिली नाही..."

"मी म्हटलं हुतं न्हवं, तसलीच द्या म्हनून? दिलीसा, बाई. लई उपकार झालं." आणि त्या आमच्या दारात बसून मोठ्यानं रडल्या. मामा पाण्याचा पेला घेऊन बाजूला उभे राहिले. त्यांचेही डोळे भरले होते, पण ते पहिल्यापासूनच हळवे.

त्या शांत झाल्यावर मी डबा आणून पुढे ठेवला. चार शब्द सुनावायचं ठरवलं होतं, त्यातले तीन विरघळले होते. एक उरला होता. म्हटलं, "आजी, बुडाला वैजयंताचं नाव आहे."

मला वाटलं, उसळतील. त्या डब्यावरून हात फिरवत राहिल्या.

"व्हय. तिचाच हाय."

"मग वर मालकांचं नाव?"

"मीच घातलंय की. आमच्यात एवढा मोठा डबा कुणाकडं न्हवता. लगीन झालं, रुखवत घरात आलं, आन माझं मन बसलं ह्येच्यावर. म्हटलं घरचाच हाय, ठिवला माझ्या कपाटात. किल्ली कमरंला. तिनं मागितला. म्हटलं दिऊ की. पुन्हा मागितला. तवर मालक गेलं. मग घातलं नाव. मेल्याल्या माणसाच्या नावाचा डबा कोण मागतंय?" त्यांनी नाक पुसलं. "बारा वर्सं झाली. एक दाणा घातला न्हाई मी ह्यात. बाकीच्या डब्यात जोंधळं, गहू. ह्यो रिकामा. म्हनून तर डाक्टर भांडं आणा म्हनला तवा ह्योच हाताला आला."

"बारा वर्षं रिकामा?"

"काढला आसता तर तिनं मागितला आसता!" हे सांगताना मात्र त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. मग ते गेलं. "आपरेशनला आत न्हेत हुती तिला. भगवान रडाय लागल्याला. ही गाडीवर पडून माझा हात धरून म्हनती कशी, 'आत्या, परत आले तर माझा डबा द्याल का मला?' आवं, मरायला निघाल्यालं माणूस पोरांचं बोलंल, नवऱ्याचं बोलंल. ही डबा मागतीया! म्हटलं, देते बाई, तू ये फकस्त. दार लागलं. आन घटकाभरानं डाक्टर बाहेर आला, भांडं आणा म्हनला."

मामा मागून म्हणाले, "अरेरे."

"शुद्धीवर आल्यापासनं रोज इचारती, 'आत्या, डबा?' काय सांगू तिला? तुज्या डब्यात तुजीच गाठ घालून एसटीनं धाडली? रोज सांगते, घासाय टाकलाय, उद्या देते." त्यांनी डबा छातीशी घेतला. "तुमी तवा घट्ट म्हनलासा. मी घरला गेले, जेवण जाईना. म्हटलं, डबा तिच्या हातात पडायच्या आधी ही गेली, तर मी काय तोंड दावू? वर मालक बी इचारतील की, माजं नाव कशाला गं घातलंस त्येच्यावर?"

माझा उरलेला एक शब्दही गेला होता.

मागून सर येऊन उभे होते. त्यांनी माझ्या हातातला रिपोर्ट घेऊन त्यावरचं नाव खोडलं, वर 'सौ. वैजयंता भगवान पाटोळे' लिहिलं, सही केली आणि कागद स्वतःच्या हातानं तानूबाईंना दिला. तानूबाईंना वाचता येत नव्हतं. पण खाडाखोड दिसली.

"ह्ये काय खोडलं?"

"तुमच्या मालकांचं नाव, आजी," सर म्हणाले. "गाठ चुकून त्यांच्या नावावर चढली होती. आता सुनेच्या नावावर केली."

तानूबाईंनी कागदाकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं.

"असं खोडता येतंय व्हय?" त्या म्हणाल्या. फडकं न बांधताच डबा काखेत मारला आणि निघाल्या. "स्टँडाजवळ भांड्याचं दुकान हाय न्हवं?"

दोन-अडीच महिन्यांनी माझा थीसिस बाइंडिंगला चालला होता. त्यात सर्वांत लांब रकान्यात, साध्या गाठींमध्ये, वैजयंताही होती. डाव्या बाजूला शेवटपर्यंत काही वाढता आलं नाही, आणि तरी मी पास झाले. तर त्या दिवशी खिडकीशी दोघी उभ्या. तानूबाई, आणि त्यांच्या बाजूला निळ्या साडीतली एक सडपातळ, हसरी बाई. तिच्या कडेवर डबा. तोच.

"ही आमची वैजू," तानूबाई म्हणाल्या. "तुमी दिल्याली साधी गाठ हिचीच."

वैजयंतानं डबा खिडकीत ठेवला. पोटावरच्या 'कै. धोंडीराम गणू पाटोळे यांच्या स्मरणार्थ'वरून मशीननं तीन आडव्या रेघा मारल्या होत्या आणि खाली नवं कोरलं होतं: 'हा डबा वैजयंताचा. सासूबाईंनी परत दिला.'

"दुकानदार म्हनला, आजी, मयत माणसाच्या नावावर रेघ मारू नये," तानूबाईंनी सांगितलं. "म्हटलं, मालकांस्नी मी सांगीन काय सांगायचं ते. तू मार."

वैजयंतानं कडेला थाप मारली, मधे नव्हे, आणि झाकण उघडलं. आत काठोकाठ भडंग. लसणाचा, शेंगदाण्याचा खमंग वास सगळ्या विभागात पसरला. लोखंडेमामांनी आत वाकून पाहिलं, त्यांना काहीतरी आठवलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. सरांनी घसा खाकरला.

"तगारे, तुम्ही आधी. केस तुमची आहे."

"चिंचेनं घासलाय, राखेनं घासलाय, ऊन दावलंय," तानूबाई म्हणाल्या. "खावा बिनघोर."

मी डोळे मिटून मूठभर भडंग तोंडात टाकला. आणि काय सांगू, असा भडंग मी जन्मात खाल्ला नव्हता. मग सरांनी घेतला. मग मामांनी, आधी चार दाणे, मग ओंजळभर. दहा मिनिटांत सगळा विभाग खिडकीशी जमला.

मी तो डबा आतल्या टेबलावर ठेवायला उचलला, सगळ्यांना सावकाश खाता यावं म्हणून. तेवढ्यात मागून आवाज आला. तानूबाईंचा नाही. मऊ, हसरा, पण अगदी ठाम.

"डॉक्टर," वैजयंता म्हणाली, "डबा परत पाहिजे हं. आधीच सांगते."